पलंग विकला म्हणजे परिग्रह सुटला?



आषाढात आमच्या महिला मंडळात एका ताईंचं व्याख्यान झालं. विषय होता 'घर हलकं, मन हलकं'. बोलल्या छान. चातुर्मासाच्या तोंडावर घरातलं काय काय काढून टाकलं ते त्यांनी सांगितलं. त्यात आजेसासूबाईंचा शिसवी पलंग होता, सागवानी फडताळ होतं, दोन चौरंग आणि पितळी फुल्यांची एक पेटी होती. जुन्या सामानवाल्याने एका टेम्पोत सगळं नेलं. त्या जागी आता खाली कप्पे असलेला बॉक्सचा बेड आणि छताला भिडलेलं भिंतीतलं कपाट आलं आहे. "एवढा परिग्रह सुटला बघा," असं म्हणून त्यांनी हात जोडले आणि आम्ही टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. घरी येताना मात्र मला माझाच राग आला.

तिथे बोलायला हवं होतं ते आता इथे लिहिते आहे. ताई हे वाचत असतील तर त्यांनी राग मानू नये. आलाच तर सूर्यास्ताच्या आत जेवायला यावं, ताटावर बसून भांडू.

मला म्हणायचं आहे ते एवढंच, की चांगल्या लाकडाचं जुनं सामान काढून त्या जागी नवं फर्निचर आणणं याला अपरिग्रह म्हणू नका. हौस म्हणा, सोय म्हणा, जाऊबाईंच्या घरी आहे म्हणून आपल्याकडे हवं म्हणा. मी ऐकून घेईन. धर्माचं नाव त्याला नको.

तत्त्वार्थसूत्रात उमास्वामींनी परिग्रहाची व्याख्या वस्तूंच्या ढिगावरून केलेली नाही, वस्तूवरच्या आसक्तीवरून केली आहे, हे आपण दशलक्षणात दरवर्षी ऐकतो. पण घटकाभर संख्याच मोजू. चार पायांचा पलंग होता तेव्हा त्याच्याखाली फार काही ठेवता येत नव्हतं, आणि ठेवलं तर येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसत होतं. म्हणून माणूस कमी ठेवत होता. बॉक्सच्या बेडच्या पोटात काय असतं ते तुम्हाला माहीत आहे. चार जादा गाद्या, लग्नात आलेले आणि कधी न उघडलेले डिनर सेट, मुलांची लहानपणची स्वेटरं, बंद पडलेला मिक्सर. एक पलंग सुटला आणि शंभर वस्तूंना झोपायला जागा झाली. दिसत नाहीत म्हणून नाहीत, एवढंच.

आता पायांकडे येते, कारण माझं खरं भांडण तिथेच आहे.

जुन्या घरातलं कुठलंही सामान आठवून बघा. पलंगाला हातभर उंच पाय. फडताळाला पाय. देव्हाऱ्याला पाय. धान्याच्या कोठीखालीसुद्धा लाकडी ठोकळे. कुठल्याही वस्तूखालून उजेड आरपार दिसायचा. मऊ केरसुणी थेट भिंतीपर्यंत जायची. मुंग्यांची रांग लागली, कोळ्याने जाळं धरलं, झुरळाने अंडी घातली, की दुसऱ्याच दिवशी झाडताना दिसायचं. दिसलं की अलगद सुपलीत घेऊन अंगणाच्या कडेला सोडता यायचं. आपण ज्याला यत्नाचार म्हणतो तो डोळ्यांना दिसण्यापासून सुरू होतो. दिसलंच नाही तर यत्न कसला करणार? साधूंच्या पाच समित्यांत आदाननिक्षेपण समिती आहे. वस्तू उचलताना आणि ठेवताना जागा पाहायची, पिंछीने हळुवार पुसायची. आपण श्राविका. तेवढं कडक आपल्याला जमत नाही. पण ज्या वस्तू उचलताच येत नाहीत, ज्यांच्या खाली पाहताच येत नाही, त्यांनीच घर भरून घ्यायचं आणि मग समितीचं नाव घ्यायचं हे मला जुळत नाही.

नव्या फर्निचरला पाय नसतात. असले तर पुढून पट्टी मारून झाकतात, कारण ते 'क्लीन' दिसतं. स्वयंपाकघरातल्या ट्रॉल्यांखाली चार बोटं अंधार असतो, सिंकखाली ओल असते. तिथे झुरळं होणारच. मग आपण काय करतो? फोन करतो. पाठीला टाकी लावलेला माणूस येतो, कोपऱ्याकोपऱ्यात जेलचे ठिपके देतो, फवारा मारतो आणि वर्षाचा करार करून जातो. घरात त्याला 'ट्रीटमेंट' म्हणतात. मैत्रिणींनो, ती कुणाची ट्रीटमेंट असते? वर्षातून तीनदा त्रस जीवांचा असा संहार करायचा आणि त्याच ओट्यावर पाणी गाळून घ्यायचं. आपण कंदमुळांवर तासभर चर्चा करतो. ट्रॉलीखालच्या अंधाराबद्दल मी आजवर एकाही स्वाध्यायात शब्द ऐकलेला नाही.

आणि खुद्द त्या फळ्या? 'वाळवी लागणार नाही, पोखरकिडा लागणार नाही' अशी हमी देऊन विकतात. ती हमी कुठून येते विचारा दुकानदाराला. प्लायचे थर चिकटवायच्या डिंकातच कीटकनाशक मिसळलेलं असतं. सागाचंही तसं काही असेल असं वाटेल, पण तिथे गोष्ट वेगळी आहे. सागाच्या आतल्या पिवळसर-तपकिरी गाभ्यात झाडाचं स्वतःचं तेल असतं आणि वाळवी त्याच्या वाटेला फारशी जात नाही. म्हणून जुना सुतार बाहेरचं पांढरं लाकूड काढून टाकायचा आणि गाभाच वापरायचा. साग किड्याला दुसरीकडे जायला सांगतो. प्लाय त्याला आत घेऊन मारतो. शिवाय एमडीएफ आणि भुशाचे बोर्ड ज्या डिंकाने दाबतात त्यातून फॉर्मल्डिहाइड नावाचा वायू सुटत राहतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली त्याला माणसात कर्करोग करणारा म्हणून जाहीर केलं. नव्या कपाटाचं दार उघडल्यावर डोळ्यांना झोंबतं ते तेच. लहान मुलांच्या खोलीत आपण ते हौसेने लावतो.

गेल्या वर्षी आमच्या पलंगाचा एक पाय हलू लागला. हा पलंग सासूबाईंच्या सासूबाईंचा. मीही तेव्हा म्हणणार होते, जाऊ दे आता. पण आमच्या गल्लीच्या टोकाला एक सुतारमामा आहेत, सत्तरी उलटलेले, त्यांना बोलावलं. ते आले, पलंगाभोवती फिरले, लाकडी मोगरीने चार ठिकाणी हलके ठोके दिले आणि पाहता पाहता अख्खा पलंग जमिनीवर सुटा करून ठेवला. एक खिळा नाही. एक स्क्रू नाही. मी तीस वर्षं त्या पलंगावर झोपले आणि तो कशाने उभा आहे हे मला माहीत नव्हतं!

मामांनी मग दाखवलं. आडव्या लाकडाच्या टोकाला जिभेसारखं कुसू कोरलेलं असतं, पायात त्याच मापाचं चौकोनी भोक. कुसू भोकात बसलं की बाजूने एक लाकडी खुंटी आरपार ठोकायची. गंमत पुढे आहे. कुसवातलं खुंटीचं भोक पायातल्या भोकाच्या अगदी समोर नसतं. सुताराने मुद्दाम ते दोरीभर आत सरकवलेलं असतं. त्यामुळे खुंटी ठोकली की ती सांध्याला आतल्या बाजूला ओढून घेते आणि माणूस जितका त्यावर बसेल तितका सांधा घट्ट राहतो. प्रत्येक जोडीवर पटाशीने खुणा केलेल्या होत्या. एक रेघ एका रेघेला, दोन रेघा दोन रेघांना, तीन तिघींना. म्हणजे पन्नास वर्षांनी कुणीतरी हा पलंग उघडणार आहे आणि त्याला तो पुन्हा जोडता आला पाहिजे, हे त्या माणसाने तेव्हाच गृहीत धरलं होतं. मामांनी एक झिजलेली खुंटी बदलली, बस. तासाभराचं काम. मजुरी सांगितली तर तुम्हाला हसू येईल, म्हणून सांगत नाही.

डोक्याकडच्या बाजूला नक्षीचे दिल्हे आहेत. मला वाटायचं ते चिकटवलेले असतील. मामांनी बोटाने ढकललं तर दिल्हा चौकटीत किंचित सरकला. पावसाळ्यात लाकूड फुगतं, उन्हाळ्यात आकसतं, आणि तेही आडव्या अंगाने जास्त, उभ्या अंगाने जवळजवळ नाहीच. दिल्हा डिंकाने पक्का केला असता तर दोन-चार पावसाळ्यांत चिरला असता. म्हणून चौकटीला आतून खाच पाडायची आणि दिल्हा त्यात मोकळा सोडायचा. तुमच्या घरी जुना कप्पा असेल तर बाहेर ओढून कोपरा बघा. कबुतराच्या शेपटीसारखे दात एकमेकांत अडकवलेले दिसतील. ओढणीच्या दिशेने तो सांधा सुटूच शकत नाही.

आता हेच भुशाच्या बोर्डाचं करून बघा. बिजागरीचा स्क्रू एकदा उपसला की त्या जागी तो पुन्हा धरत नाही. फरशी पुसताना पाणी लागलं की कड फुगते आणि पापुद्रे सुटतात. उघडून पुन्हा जोडायची सोयच नाही, म्हणून दुरुस्त करणारा माणूसही नाही. फेकायचं आणि नवं आणायचं. झाड हा एकेंद्रिय जीव आहे हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. ते तोडताना त्याच्यावर, त्याच्या सालीत राहणारे किती जीव जातात त्याची गणती नाही. वनकर्म हे पंधरा कर्मादानांत धरलं आहे ते उगाच नाही. आमच्या पलंगासाठी एकदा झाड पडलं आणि चार पिढ्या त्यावर झोपल्या. बॉक्सच्या बेडसाठी दर दहा वर्षांनी काहीतरी पडणार.

व्याख्यानानंतर चहा नव्हता, उकाळा होता. तिथे मी हे थोडंसं बोलले तर तीन आक्षेप आले. त्यांची उत्तरं देते, कारण आक्षेप खोटे नाहीत.

पहिला, लाखेचा. जुन्या सामानाला चकाकी येते ती लाखेच्या पॉलिशने, आणि लाख म्हणजे किड्यांनी फांदीवर केलेला राळेसारखा थर. तो खरवडून काढताना किडे मरतात. लाक्षावाणिज्यही कर्मादानांतच आहे. हे सगळं मान्य. माझं म्हणणं असं, की जी हिंसा साठ-सत्तर वर्षांपूर्वी झाली ती पलंग विकून परत फिरत नाही. आपल्या हातात आहे ते पुढचं. मी मामांना सांगितलं, लाखेचा नवा हात नको. ते म्हणाले, मग मधमाश्यांचं मेण लावू. म्हटलं, मामा, आम्ही जैन! हसले. शेवटी जुना थर काचकागदाने हलका केला आणि अळशीचं तेल कापडाने चोळलं. दोन-तीन दिवस घरभर वास राहतो. चकाकत नाही. पण लाकडाच्या रेषा इतक्या सुंदर दिसतात की सासूबाई गेल्यापासून त्या पलंगाकडे कुणी असं पाहिलं नव्हतं.

दुसरा, सरसाचा. जुने सुतार जनावरांच्या कातड्या-हाडांपासून उकळलेला सरस वापरायचे, मग तो पलंग शुद्ध कसा? वापरायचे, हेही खरं. पण सांधे कुसवाचे आणि खुंटीचे असतील तर सरसाची गरज फार कमी पडते. आमच्या पलंगात तो कुठेच निघाला नाही. खुर्च्यांत, पत्रे-पापुद्रे चिकटवलेल्या विलायती धाटणीच्या टेबलांत असू शकतो. शंका असेल तर देव्हारा आणि चौक्याच्या पाटांपुरतं सुताराकडून उघडून बघून घ्या. शंका आली म्हणून न बघताच टेम्पोत चढवणं हा शोध नव्हे.

तिसरा आक्षेप ढेकणांचा, आणि तो काढणाऱ्या काकूंचा आवाज सगळ्यात मोठा होता. खाचांत ढेकूण होतात. होतात ना. फोमच्या गादीच्या शिवणीत आणि बेडच्या प्लायच्या फटीत होत नाहीत का? फरक इतकाच, की खुंटीचा पलंग उघडता येतो. आमच्याकडे पावसाळ्याच्या आधी आणि दिवाळीच्या सुमारास तो सुटा करून गच्चीत सावलीला मांडायचे, मऊ कुंच्याने एकेक खाच साफ करायचे. कीड व्हायच्या आधीच तिला जागा ठेवायची नाही. बॉक्सचा बेड गच्चीत नेऊन दाखवा. जिन्यातसुद्धा वळत नाही तो.

मागच्या चातुर्मासातली एक आठवण सांगते. मुनिमहाराज आमच्या भागात होते. आमच्याच सोसायटीत एका घरी चौका लागला. त्या घरची सून हुशार, सगळी तयारी चोख, विहिरीचं पाणी पहाटे आणलेलं. आदल्या संध्याकाळी तिच्या लक्षात आलं की पडगाहनानंतर उच्चासन द्यायला लाकडी चौरंग हवा आणि पाय धुवायला पाट हवा. घरात एकही नाही. तिने वरच्या-खालच्या मजल्यांवर फोन केले. बत्तीस घरांची सोसायटी, त्यांतली अकरा घरं आपली. सोफे होते, बीन बॅग होत्या, काचेचे टीपॉय होते, प्लास्टिकचे स्टूल होते. निखळ लाकडाचा चौरंग एकाही घरात नव्हता. शेवटी दुसऱ्या गल्लीतल्या एका आजींकडे मिळाला. त्यांच्या बाल्कनीत त्यावर तुळशीची कुंडी होती. कुंडी उतरवली, घासून घेतला, सागवानीच निघाला. सकाळी महाराजांचा आहार निर्विघ्न झाला. आजी दारात उभ्या राहून रडत होत्या. त्यांच्या सुनेने तो चौरंग दोनदा भंगारात काढला होता.

किमतीचंही बोलायला हवं, कारण जुना सामानवाला आपल्याला रडून दाखवतो. "कीड लागली आहे ताई, जळणाच्या भावाने जाईल." मी हे वाक्य स्वतः ऐकलं आहे. अकरा वर्षांपूर्वी घराची डागडुजी काढली तेव्हा मी आमचं फडताळ साडेतीन हजारांना दिलं. सहा दिल्हे, वर कमलपुष्पाची नक्षी, आतल्या कप्प्यात सासऱ्यांचे स्वाध्यायाचे ग्रंथ असायचे. सासूबाई तेव्हा काही बोलल्या नाहीत. फक्त फडताळ निघताना त्यांनी त्याच्या दारावरून हात फिरवला आणि आत गेल्या. दोन वर्षांनी एका हॉटेलच्या दालनात मला त्याच्यासारखंच एक फडताळ दिसलं. आमचंच होतं असं म्हणत नाही. आत दिवे लावले होते आणि कप्प्यांत दारूच्या बाटल्या मांडल्या होत्या. मी पाणीही न पिता बाहेर आले. त्याबद्दल सासूबाईंची माफी मागायची राहून गेली.

शिसवाची तर आज गोष्टच वेगळी आहे. ज्या कुळात शिसव आणि शिसम येतात त्या अख्ख्या कुळाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर २०१७ पासून निर्बंध आहेत, इतकी तोड झाली. शंभर वर्षांहून जुनी कारागिरीची वस्तू परदेशी पाठवायला १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने सामान्य माणसाला मनाई आहे. सरकारला जे मोलाचं वाटतं ते आपल्याला अडगळ वाटतं.

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये गुजरातमधल्या पाटणचा एक सागवानी जैन मंडप आहे, सोळाव्या शतकाच्या अखेरचा. वर कोरीव घुमट, त्यात दिक्पाल, नाचणाऱ्या-वाजवणाऱ्या आकृत्या, अजून रंगाच्या खुणा. १९१६ साली तो तिथे भेट म्हणून गेला. देणाऱ्या दोन भावांपैकी लॉकवुड डी फॉरेस्ट या अमेरिकन चित्रकाराने १८८१ साली अहमदाबादेत मगनभाई हठीसिंग यांच्याबरोबर लाकडी नक्षीकामाचा कारखाना काढला होता. मगनभाई आपलेच, जैन. तिथल्या मिस्त्रींनी कोरलेली सागवानी खिडकी न्यूयॉर्कमधल्या डी फॉरेस्टच्या घराला बसवली आहे. आपल्या मिस्त्रीच्या हाताची किंमत परक्याला सव्वाशेहून जास्त वर्षांपूर्वी कळली होती. आमची ताई ती टेम्पोवाल्याला विचारते.

मात्र दुसऱ्या टोकालाही जाऊ नका. हल्ली काही घरांत 'अँटिक' जमवायचं खूळ आलं आहे. कुणाच्या तरी आजीचा देव्हारा विकत आणायचा, दिवाणखान्यात फोकस लावून ठेवायचा आणि नातवाला त्याच्याजवळ जाऊ द्यायचं नाही. नवंच लाकूड साखळीने मारून जुनं भासवायचा उद्योगही चालतो म्हणे! तोही परिग्रहच, वर दिखावा. मी म्हणते आहे ते घरात आहे ते वापरण्याबद्दल. पलंगावर झोपा. चौरंगावर शास्त्र ठेवा. फडताळात डाळ ठेवा. आणि खरंच जागा नसेल तर दुकानदाराला विचारण्याआधी नात्यात, बस्तीत, पाठशाळेत विचारा.

हे सगळं आत्ता मनात येण्याचं कारण घरचंच आहे. मार्गशीर्षात आमच्या धाकट्याचं लग्न आहे. विहीणबाईंनी प्रेमाने कळवलं, "मुलीला बेडरूम सेट देणार आहोत, रंग तुम्ही सांगा." नाही म्हटलं तर मान दुखावतो, हो म्हटलं तर पलंग माळ्यावर जातो. दोन रात्री झोप नाही. होणाऱ्या सूनबाईंनाच फोन केला आणि पलंगाचा फोटो पाठवला. तिचं उत्तर आलं, "आई, याच्या खाली उजेड दिसतोय, छान आहे. पण गादी मऊ हवी हं."

विहीणबाईंना मापं कळवली आहेत. सहा फूट तीन इंच लांब, पाच फूट रुंद. सेटऐवजी गादी द्या म्हटलं, कापसाची. त्यांच्या गावात पिंजारी अजून आहे.